सात कारी: इब्न मुजाहिद यांनी पठणपरंपरा राखली की आवळली?

तख्ती:

इस्लामच्या पहिल्या तीन शतकांत कुराण सगळीकडे एकाच धाटणीने पढलं जात नव्हतं. मदिना, मक्का, कूफा, बसरा, दमिश्क या प्रत्येक शहराची आपली पद्धत होती. इ.स. ६५० च्या सुमारास खलिफा उस्मान यांनी संहिता नक्की करून तिच्या प्रती मोठ्या शहरांना पाठवल्या. आर्मेनिया-अझरबैजानच्या मोहिमेवर सिरियाचे आणि इराकचे सैनिक पठणावरून एकमेकांना चुकीचं ठरवू लागले होते, हे त्याचं तात्कालिक कारण सांगितलं जातं. पण त्या प्रतींत ऱ्हस्व स्वरांच्या खुणा नव्हत्या आणि अक्षरं वेगळी ओळखू येण्यासाठी लागणारे नुक्तेही (ठिपके) जवळपास नव्हते. लिखाण बहुतेक एक झालं, उच्चार शहराशहरांत राहिला.

पुढे बगदादमध्ये अबू बक्र इब्न मुजाहिद (मृत्यू हिजरी सन ३२४, इ.स. ९३६) यांनी सात कारींवर, म्हणजे कुराण-पठणाच्या आचार्यांवर, ग्रंथ लिहिला. मदिनेचे नाफी, मक्केचे इब्न कसीर, बसऱ्याचे अबू अम्र, दमिश्कचे इब्न आमिर आणि एकट्या कूफ्याचे तिघे: आसिम, हमजा, किसाई. माझं म्हणणं असं की या निवडीने परंपरा आवळली.

पहिलं कारण, निवड शहरांच्या खऱ्या चित्राला धरून नव्हती. मक्की इब्न अबी तालिब (मृत्यू इ.स. १०४५) हा याच शास्त्रातला मोठा माणूस. तो लिहितो की हि. २०० च्या सुमारास बसऱ्यात अबू अम्र आणि याकूब, कूफ्यात हमजा आणि आसिम, सिरियात इब्न आमिर, मक्केत इब्न कसीर, मदिनेत नाफी असं पठण चालत होतं. तिसऱ्या शतकाच्या अखेरीला इब्न मुजाहिद यांनी याकूब यांचं नाव काढून किसाईंचं घातलं. किसाई हे हारून अल-रशीदच्या मुलांचे शिक्षक होते. बगदादमधल्या या वजनाचा निवडीशी काही संबंध नसेल, हे मला पटत नाही. कूफ्याचेच अल-आमश (मृत्यू इ.स. ७६५) बाहेर राहिले, ज्यांच्याकडे खुद्द हमजा शिकले. बसऱ्याचे हसन बसरीही बाहेर.

दुसरं कारण, आकडा. ‘कुराण सात हर्फांवर, म्हणजे रीतींवर, उतरलं’ अशी प्रसिद्ध हदीस (पैगंबरांचं वचन) आहे. त्या सात हर्फांचा या सात माणसांशी संबंध नाही. हदीस आली तेव्हा यांतला एकही जन्मला नव्हता. तरी नेमके सातच निवडल्यामुळे सामान्य माणसाने दोन्ही एकच मानले. अल-महदवी यांनी पुढच्याच शतकात कळकळीने लिहिलं की सातापेक्षा कमी किंवा जास्त घेतले असते तर हा घोळ झाला नसता.

तिसरं, सत्तेचा दंडुका. हि. ३२२ मध्ये इब्न मिक्सम यांना आणि हि. ३२३ मध्ये इब्न शनबूद यांना पठणावरून चौकशीला उभं केलं गेलं. इब्न शनबूद यांना वजीर इब्न मुक्ला याच्यासमोर फटके बसले आणि माघार लिहून द्यावी लागली. दोन्ही प्रकरणांत इब्न मुजाहिद विरोधी बाजूला होते.

आज जगातले बहुसंख्य मुसलमान सातांतल्याही एकट्या आसिम यांच्या एकाच शाखेत, त्यांचे शिष्य हफ्स यांच्या रिवायतीत (शिष्याने पुढे दिलेल्या पाठात) पढतात. मला याची सुरुवात बगदादच्या त्या यादीत दिसते. विरोधी मतं जरूर मांडा.

अबजद:

तुमचे तपशील बरोबर आहेत, निष्कर्ष उलटा आहे.

यादी करणारे इब्न मुजाहिद पहिले नव्हेत. अबू उबैद (मृत्यू इ.स. ८३८) यांनी पंचवीसच्या आसपास कारी गोळा केले होते. अहमद इब्न जुबैर अल-अंताकी (मृत्यू इ.स. ८७२) यांनी प्रत्येक शहराचा एक असे पाच घेतले. म्हणजे पंचवीसही चालून पाहिले होते, पाचही. पंचवीसांची अडचण अशी की प्रत्येकाच्या शिष्यांची अखंड साखळी सांभाळायला तितके शिक्षक लागतात. कारी म्हणजे नुसतं पुस्तकातलं नाव नाही. त्याच्या तोंडून ऐकणारा, त्याला ऐकवून दुरुस्त झालेला आणि पुढे शिकवण्याची इजाजत मिळालेला माणूस पिढीगणिक हवा. तो नसेल तर उरतात फक्त कागदावरचे पाठभेद.

आता खटले. इब्न मिक्सम काय म्हणत होते ते नीट पाहा. उस्मानी लिखाणात बसतं आणि व्याकरणाला चालतं ते कुणीही पढावं, गुरूकडून ऐकलेलं नसलं तरी चालेल. हे मान्य केलं असतं तर पठणपरंपरा संपून शब्दकोडं सुरू झालं असतं. इब्न शनबूद यांचं प्रकरण वेगळं. ते पैगंबरांचे सहकारी इब्न मसऊद आणि उबय यांच्या नावावरचे, उस्मानी लिखाणात न बसणारे पाठ मिहराबीत (इमामाच्या जागी) उभं राहून पढत होते. फटक्यांचं समर्थन मी करणार नाही. पण एकाला परंपरा नको होती आणि दुसऱ्याला लिखाणाची चौकट, एवढं तरी वेगळं ठेवा.

आणि ज्यांना यादीबाहेर ठेवलं त्यांची नोंद कुणी केली? इब्न मुजाहिद यांनीच. ‘शाज’ म्हणजे बाहेरच्या पाठांवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ केला. इब्न जिन्नी (मृत्यू इ.स. १००२) यांनी त्या बाहेरच्या पाठांची व्याकरणाने बाजू मांडणारं पुस्तक लिहिलं, ते याच ग्रंथाच्या आधारावर. ज्याला दडपायचं असतं तो दडपलेल्याची यादी करून ठेवत नाही.

काळी शाई:

दोघंही एक गोष्ट धरून चालला आहात की फरक तोंडी होते आणि लिपी नंतर आली. मला तेच मान्य नाही. फरकांचा मोठा भाग लिपीच्या मोकळ्या जागांत बसतो.

सूरह (अध्याय) हुजुरातची सहावी आयत (वाक्य) घ्या. कुणी बातमी आणली तर ‘फतबय्यनू’, म्हणजे शहानिशा करा. हमजा, किसाई आणि खलफ (पुढे सातांत याकूब, अबू जाफर आणि हे खलफ जोडून दहा कारी झाले) पढतात ‘फतसब्बतू’, म्हणजे थांबून खात्री करा. नुक्ते काढून टाका, दोन्ही शब्दांचा सांगाडा तोच: तेच दात, त्याच उभ्या रेघा. सूरह बकरा, आयत २५९: हाडं आम्ही कशी ‘नुन्शिजुहा’, उचलून जोडतो, नाफी, इब्न कसीर, अबू अम्र यांच्याकडे ‘नुन्शिरुहा’, पुन्हा जिवंत करतो. फरक एका नुक्त्याचा, ‘रे’ वर तो दिला की ‘झे’. शेकडो ठिकाणी भेद नेमका तिथेच का पडावा जिथे नुक्ता नाही? सरळ उत्तर असं की नुक्ता नसलेल्या प्रतीसमोर बसून वेगवेगळ्या शहरांनी वेगवेगळं वाचलं.

जुनी कातडी पानं पाहिली की हे डोळ्यांसमोर येतं. अबू अल-अस्वद अद-दुअली (मृत्यू इ.स. ६८८) यांच्या नावावर सांगतात की त्यांनी लेखकाला बसवलं आणि म्हटलं: मी ओठ उघडले तर अक्षराच्या वर ठिपका दे, खाली ओढले तर खाली, मिटून गोल केले तर बाजूला. ठिपके शाईहून वेगळ्या रंगाचे. पुढे अंदलुसमधले (मुस्लिम स्पेनमधले) अद-दानी (मृत्यू इ.स. १०५३) नोंदवतात की मदिनेचे लोक स्वरांना लाल आणि हम्जला, म्हणजे कंठातल्या खटक्याला, पिवळा ठिपका देत, इराकचे लोक दोन्हींना लालच. काही लेखक एकाच पानावर दुसऱ्या कारीचा पाठ हिरव्याने देत, अद-दानींना ते आवडत नव्हतं. शहरांची परंपरा रंगांतही दिसते, पण ती कागदावर घडताना दिसते.

आणि इ.स. १९७२ मध्ये सनाच्या मोठ्या मशिदीत सापडलेल्या पानांत एक खरवडून पुन्हा लिहिलेलं हस्तलिखित आहे. त्याच्या खालच्या थरात उस्मानी संहितेहून वेगळे शब्द आहेत, सूरहांचा क्रमही वेगळा. इब्न मुजाहिद यांच्यावर वाद घालताना हा थर विसरू नका. आवळण्याची पहिली पायरी त्यांच्या तीनशे वर्षं आधीची आहे.

दख्खनी:

चांगली चर्चा. एक तुलना सुचते. आपल्याकडे वेदांच्या शाखा आहेत, शाकल, माध्यंदिन वगैरे, आणि त्या घराण्याला चिकटलेल्या असतात. तसं इथे किराअत (पठणपद्धत) मजहबला (धर्मशास्त्राच्या पंथाला) चिकटलेली असते का? कोकणातले मुसलमान शाफई आणि देशावरचे बहुतेक हनफी. मग त्यांचं पठण वेगळं असायला हवं. पण कानाला तरी फरक कळत नाही.

अबजद:

दख्खनी, कळत नाही कारण फरक नाहीच. दोघंही हफ्स पढतात. पण मूळ नातं होतं. इमाम शाफई मक्केत वाढले आणि इब्न कसीर यांच्या परंपरेत पढले. इब्न कसीर यांच्या पठणात ‘कुर्आन’ शब्दातला हम्जचा खटका गळतो आणि ‘कुरान’ असं येतं. इमाम शाफईही तसंच म्हणत. मक्केच्या मोजणीत बिस्मिल्लाह ही फातिहाची पहिली आयत, आणि शाफई मजहबात ती नमाजमध्ये पढावीच लागते. शाफई मजहब पुढे कोकणापर्यंत पोचला, मक्केची किराअत नाही. उलट मगरिबमध्ये (वायव्य आफ्रिकेत) मालिकी मजहब आणि नाफी यांची किराअत दोन्ही मदिनेहून जोडीने गेली आणि जोडीनेच टिकली. वेदशाखेसारखं जन्माने मिळणं मात्र इथे नाही. कुठलाही विद्यार्थी कुठलीही रिवायत शिकू शकतो, गुरू हवा.

काळी शाई, आता तुमचा मुद्दा. म-ल-क ही तीन अक्षरं घ्या. कुराणातल्या पुढच्या तीन ठिकाणी ती एकाच प्रकारे लिहिलेली आहेत, मधला अलिफ नाही. फातिहात आसिम, किसाई, याकूब आणि खलफ ‘मालिकि यौमिद्दीन’ पढतात, न्यायदिनाचा मालक. बाकीचे ‘मलिकि’, त्या दिवसाचा राजा. आता शेवटच्या सूरह नासची दुसरी आयत: तीच तीन अक्षरं, पण दहाही कारी एकमुखाने ‘मलिकि’. आणि सूरह आल-इमरानच्या २६व्या आयतीत तीच अक्षरं असताना दहाही एकमुखाने ‘मालिक’. लिपी पाहून वाचत असते तर तिन्ही ठिकाणी फाटाफूट झाली असती. एके ठिकाणी भेद, दोन ठिकाणी एकमत, आणि ते एकमतही परस्परविरुद्ध. हे कानाशिवाय होत नाही. भेद नुक्त्याच्या जागी दिसतात याचं कारण सोपं आहे. ऐकण्यात आलेले जे भेद सांगाड्यात बसत नव्हते ते उस्मानी प्रतींनी आधीच बाजूला सारले. बसणारे उरले. तुम्ही गाळून आलेलं पाणी पाहून म्हणताय की पाणी गाळणीतून उगवलं.

काळी शाई:

म-ल-क चा दाखला वजनदार आहे, मान्य. पण त्याने ‘कानाची परंपरा होती’ इतकंच सिद्ध होतं. ती गुरूच्या गुरूपर्यंत जशीच्या तशी होती, हे नाही. नाफी यांचंच सांगणं प्रसिद्ध आहे की त्यांनी सत्तर जणांकडे पढून घेतलं, ज्यावर दोघांचं जमलं ते धरलं, एकटा पडलेला पाठ सोडला. याला ‘इख्तियार’ म्हणतात, निवड. म्हणजे ‘मदिनेची किराअत’ ही नाफी यांनी मदिनेतल्या साहित्यातून विणलेली आहे.

आणि एकाच गुरूचे दोन शिष्य पाहा. सूरह माइदा, आयत ६, वजूची (नमाजाआधी हातपाय धुण्याची) आयत. हफ्स पढतात ‘अर्जुलकुम’, अर्थ जातो पाय धुण्याकडे. शुअबा पढतात ‘अर्जुलिकुम’, शब्द जोडला जातो डोकं पुसण्याशी. दोघंही आसिम यांचे शिष्य, हफ्स तर त्यांचे सावत्र पुत्र, घरातलेच. फिक्हचा (धर्मशास्त्राचा) केवढा वाद या एका स्वरावर आहे!

अबजद:

याचं उत्तर जुन्यांनीच दिलेलं आहे. आसिम यांनी हफ्सना दिला तो पाठ अबू अब्दुर्रहमान अस-सुलमी यांचा, जो हजरत अली यांच्यापर्यंत जातो. शुअबांना दिला तो जिर्र इब्न हुबैश यांचा, जो इब्न मसऊद यांच्यापर्यंत. अस-सुलमी कूफ्याच्या मशिदीत चाळीस वर्षं शिकवत बसले होते. कूफ्यात दोन्ही धारा जिवंत होत्या आणि आसिम यांनी त्या एकमेकींत न मिसळता दोन शिष्यांना वाटून दिल्या. मला तर यात कमालीची शिस्त दिसते.

पैठणचा वाटसरू:

शिकण्याच्या बाजूने लिहितो, कारण ‘राखली की आवळली’ याचं उत्तर तिथेच मिळतं.

अद-दानींच्या काळापर्यंत रीत अशी होती की प्रत्येक रिवायतीचं संपूर्ण कुराण वेगळं ऐकवायचं. सात कारी, प्रत्येकाचे दोन रावी (पाठ पुढे देणारे), म्हणजे चौदा खत्म (पूर्ण पठणं). पुढे वेळ वाचवायला ‘जमअ’ आली, एकाच खत्ममध्ये सगळे. तिच्या दोन मुख्य रीती. इजिप्तवाले शब्दागणिक थांबून त्या शब्दाचे सगळे प्रकार संपवतात. सिरियावाले थांबण्याच्या जागेपर्यंत एका रावीचं पूर्ण पढतात, मग मागे येऊन ज्याचा फरक आहे त्याचं पुन्हा. सुरुवात नाफी यांचे रावी कालून यांच्यापासून.

इथे चूक कुठे होते ते फातिहातच पाहा. कालून यांच्यासाठी ‘मलिकि यौमिद्दीन’ पढलं, मग आसिम-किसाईंसाठी ‘मालिकि’. विद्यार्थ्याला वाटतं आयत झाली. पण अबू अम्र यांचे रावी अस-सूसी मागच्या आयतीचा शेवटचा ‘म’ पुढच्या ‘म’ मध्ये मिसळतात: ‘अर्रहीम्-मलिकि’. हे फक्त दोन आयती जोडून पढल्या तरच घडतं. मागच्या आयतीवर श्वास तोडलात की सूसींचा पाठ हातातून गेला आणि तुम्हाला कळतही नाही.

दुसरी चूक गंभीर. सूरह बकरा, आयत ३७. बहुतेक सगळे पढतात ‘आदमु … कलिमातिन’: आदमने आपल्या पालनकर्त्याकडून शब्द घेतले. इब्न कसीर पढतात ‘आदम’, शेवटचा अ पूर्ण उच्चारून, आणि पुढे ‘कलिमातुन’: शब्द आदमपर्यंत आले. दोन्ही सुंदर आहेत. पण पहिलं अर्धं इकडचं आणि दुसरं तिकडचं घेऊन ‘आदमु … कलिमातुन’ म्हटलं की वाक्यात दोन कर्ते, कर्म गायब. इब्न अल-जजरी (मृत्यू इ.स. १४२९) यांनी अशी सरमिसळ हराम म्हटली, आणि हेच उदाहरण दिलं.

मद्दचंही, म्हणजे स्वर लांबवण्याचंही, तसंच. लांबी ‘हरकत’मध्ये मोजतात, एक हरकत म्हणजे साधारण बोट मिटायला किंवा उघडायला लागणारा वेळ. शब्दाच्या शेवटी दीर्घ स्वर आणि पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला हम्ज आला तर नाफी यांचे दुसरे रावी वर्श आणि हमजा ६ हरकती, इब्न कसीर २, कालून २ किंवा ४, हफ्स शातिबींच्या (त्यांच्याबद्दल खाली) वाटेने ४ किंवा ५. एकदा ४ धरल्या की त्या बैठकीत ४ च. बरेच हाफिज तरावीहमध्ये (रमजानच्या रात्रीच्या नमाजात) वेग यावा म्हणून २ वर येतात. हफ्समध्ये २ ची वाट आहे, पण ती वेगळ्या सनदीने (गुरुपरंपरेच्या साखळीने) येते आणि तिच्या इतर अटी पाळाव्या लागतात. नुसती लांबी उचलून बाकी शातिबींचं ठेवणं ही सरमिसळच.

हे सगळं पंचवीस कारींचं कुणी पाठ ठेवू शकलं असतं? सात ठरल्यामुळेच अंदलुसचे अंध विद्वान अश-शातिबी (मृत्यू इ.स. ११९४, कैरो) ११७३ बैतांत (द्विपदींत) सगळं बसवू शकले. त्यांनी प्रत्येकाला एक अक्षर दिलं. अलिफ, बे, जीम म्हणजे नाफी, कालून, वर्श. नून, साद, ऐन म्हणजे आसिम, शुअबा, हफ्स. रे म्हणजे किसाई. फातिहाच्या बैतात ‘मालिकि यौमिद्दीन’ नंतर दोन शब्द येतात: ‘रावीहि नासिरुन’. अर्थ लावला तर ‘ते कथन करणारा साहाय्यकर्ता आहे’. पहिली अक्षरं धरली तर रे आणि नून, म्हणजे किसाई आणि आसिम. विद्यार्थ्याला अडलं की तो बैत म्हणतो आणि नावं हाताशी येतात. चौकट घट्ट होती म्हणून हे शक्य झालं.

तख्ती:

वाटसरू, तुमच्या प्रतिसादाने मला एका मुद्द्यावर मागे यावं लागतंय. शिकवता येण्यासाठी मर्यादा लागते. पण ‘नेमके हेच’ हा प्रश्न तसाच राहतो. याकूब यांना परत यायला इब्न अल-जजरींच्या दहा कारींच्या मांडणीपर्यंत वाट पाहावी लागली. मदिनेचे अबू जाफर तर नाफी यांचे गुरू, तेही तेव्हाच दहांत पक्के झाले. मधली साडेचार-पाच शतकं ‘सातांबाहेरचं म्हणजे कच्चं’ असं सामान्य विद्यार्थी समजत राहिला.

हफ्सच्या प्रसाराबद्दल मात्र माझी चूक झाली. त्याचा दोष बगदादच्या यादीवर टाकता येत नाही, हे भूगोल सांगतो. कैरवानमध्ये (ट्युनिशिया) आधी हमजा यांचं पठण जास्त होतं, इब्न खैरून (मृत्यू इ.स. ९१८) यांनी तिथे नाफी यांचं रुजवलं. म्हणजे यादीच्या आसपासच, आणि यादीशी संबंध नसताना, एक शहर बदललं. दमिश्क हि. ५०० च्या सुमारापर्यंत इब्न आमिर यांचं पढत होतं, मग अबू अम्र यांच्याकडे वळलं. इब्न अल-जजरी लिहितात की त्यांच्या काळात सिरिया, हिजाझ, येमेन आणि इजिप्तमध्ये अबू अम्र यांचंच पठण चालतं. पंधराव्या शतकात सर्वसामान्य किराअत हफ्स नव्हती! अठराव्या शतकाच्या सुरुवातीला अनातोलियातल्या मरअशचे साचकलीजादे मात्र ‘आमच्या मुलखात आसिम यांची, हफ्सची रिवायत’ असं स्पष्ट लिहितात. मधल्या काळात उस्मानी, म्हणजे ऑटोमन तुर्कांची, सत्ता आली. काझी, मदरसे, इमाम हनफी आणि तुर्की मुलखातून येणारे, त्यांच्यासोबत हफ्स आली.

मग छापखाना. हँबर्गला इ.स. १६९४ मध्ये हिंकेलमान यांनी छापलेलं कुराण हफ्सचं. १९व्या शतकात मुंबईच्या शिळाछापातून निघालेल्या प्रतीही हफ्सच्या, आणि त्या कोकणात गेल्या तशा हिंदी महासागरापार गेल्या. इ.स. १९२४ मध्ये कैरोची सरकारी प्रत आली. तिचं काम जुनी हस्तलिखितं जुळवून झालं नाही. किराअतीच्या ग्रंथांवरून लिखाण आणि खुणा ठरवल्या गेल्या. शेवटी ध्वनिमुद्रण. अल-हुसरी यांच्या आवाजात १९६१ साली संपूर्ण कुराणाचं मुरत्तल (संथ, साध्या पठणाचं) मुद्रण आलं, तेही हफ्सचं. वर्श आणि अबू अम्र यांची दूरी या रिवायती त्यांनी पुढे मुद्रित केल्या, पण तोवर रेडिओने कान घडवले होते. पाऊण काम या तीन गोष्टींचं.

काळी शाई:

इथे मी तुमच्याशी पूर्ण सहमत, आणि आजचं नुकसानही इथेच आहे. मोरोक्को, अल्जीरिया आणि पश्चिम आफ्रिकेत वर्श आहे, लिबिया-ट्युनिशियात कालून, सुदानमध्ये दूरी. तिथल्या पोरांच्या कानावर फोनमधून दिवसभर हफ्स पडते. वर्शमध्ये ‘कद् अफ्लह’ चा हम्ज गळून ‘कदफ्लह’ होतं, ‘सलात’ मधला ल जाड होतो. ऐकून शिकणाऱ्याच्या तोंडी अर्धं वर्श, अर्धं हफ्स येतं. वाटसरूंनी सांगितलेली सरमिसळ आता चुकून होत नाही, रोज होते.

दख्खनी:

एक बारीक शंका. मगरिबची छापील प्रत आणि आपल्याकडची प्रत समोरासमोर ठेवली तर आयतींचे क्रमांक जुळत नाहीत. मजकुरात भर आहे की घट?

पैठणचा वाटसरू:

दोन्ही नाही. मोजणी शहरांची वेगळी. कूफ्याची ६२३६, बसऱ्याची ६२०४, सिरियाची ६२२६, मदिनेची नंतरची ६२१४. फातिहा सगळ्यांकडे सात आयतींचीच. कूफा आणि मक्का बिस्मिल्लाहला पहिली आयत मोजतात. बाकीचे मोजत नाहीत, पण शेवटची लांब आयत ‘अन्अम्त अलैहिम’ वर तोडून सात भरतात. ‘अलिफ लाम मीम’ कूफ्याकडे स्वतंत्र आयत, इतरांकडे पुढच्या आयतीचा भाग. मगरिबची प्रत हातात घ्याल तर आणखी एक ध्यानात ठेवा: तिथे ‘फे’ चा नुक्ता खाली असतो आणि ‘काफ’ ला वर एकच. सवयीने वाचलंत तर प्रत्येक ‘काफ’ चा ‘फे’ होईल.

आणि शब्दाचा खरा फरक हवा असेल तर सूरह तौबा, आयत १०० काढा. मक्केच्या प्रतीत ‘मिन’ हा शब्द जास्त होता, इतर शहरांच्या प्रतींत नव्हता. इब्न कसीर आजही तो पढतात. उस्मानी प्रतींमधले असे फरक थोडेच, पण शहरनिहाय नोंदलेले आहेत.

अबजद:

तख्ती, तुम्ही याकूब यांचं म्हणालात ते खरं आहे, त्यांना ताटकळावं लागलं. खटल्यांबद्दल मात्र एक जोडतो. इब्न अल-जजरी यांनी दहा कारींची मांडणी करताना प्रत्येक रावीपर्यंत जाणाऱ्या वाटा दिल्या. मक्केचे इब्न कसीर यांचे रावी कुंबुल (मृत्यू इ.स. ९०४) यांच्यापर्यंत दोन मुख्य वाटा घेतल्या. एक इब्न मुजाहिद यांची. दुसरी इब्न शनबूद यांची, ज्यांना फटके बसले त्यांचीच. त्यांनी माघार घेतलेले पाठ बाहेर राहिले. कुंबुल यांच्यासमोर बसून ते जे शिकले होते ते मात्र तसंच्या तसं ठेवलं. दहा किराअती शिकणारा विद्यार्थी इजाजत घेताना या दोघांची नावं आजही शेजारी शेजारी म्हणतो.

तख्ती:

ही वाट मला माहीत होती, पण खटल्याशेजारी ठेवून कधी पाहिली नव्हती. शीर्षकातला ‘आवळली’ मी किसाई-याकूब अदलाबदलीपुरताच धरून ठेवतो. तिथून हलणार नाही.